वरच्या वाडीचा जबाब

रुचितानं कानात ती पांढरी बोंडं घातली तेव्हा माझी शेळी अजून भोपळ्यातच होती. रुचिता माझी नात, वीस वर्षांची. उलव्याच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर माझ्या शेजारी बसली होती आणि मी तिला सांगत होते, की आमच्या डोंगरावर एका वर्षी एवढा भोपळा लागला, एवढा, की चार दिवस हरवलेली शेळी त्याच्या आत सापडली, ती पण दोन करडांसकट. मी शेळीला बाहेर काढणार एवढ्यात रुचितानं खिशातनं डबी काढली, एक बोंड ह्या कानात, एक त्या कानात, आणि डबी मिटली. टक्. बाकी काही झालं नाही. ती रागावली नव्हती. उलट माझ्याकडं बघून गोड हसली आणि मान हलवत राहिली, म्हणजे आजीला वाईट वाटायला नको. मी पण थांबले नाही. शेळी काढली, करडांची नावं ठेवली, त्या एका भोपळ्याची भाजी अख्ख्या वाडीला दोन दिवस वाढली, आणि ती मान हलवत होती कसल्यातरी गाण्यावर, माझ्या शब्दांच्या जरा पुढं, जरा मागं. मग मी बघायचं म्हणून मध्येच बोलले, "रुचे, मी उद्या मरणार हाय." तिनं मान हलवली. मला हसू आलं. किती दिवस झाले असतील असं? मुलगा फोन बघत ऐकतो, सून भांडी लावत ऐकते. मी दहा वर्षं भिंतींना बिबट्या दाखवतेय की काय?

त्याच आठवड्यात कुलदीपचा फोन आला. कुलदीप माझ्या भावाचा, नामाचा मुलगा. नामा जाऊन सहा वर्षं झाली. कुलदीप मुरुडच्या अलीकडं डोंगराच्या पायथ्याशी राहतो, सुट्ट्यांच्या दिवसांत एका लॉजवर चादरी बदलायचं काम करतो आणि बाकीचं वर्ष वर डोंगरात दोन एकरांत काजू, रातांबे आणि थोडी नाचणी करतो. ती दोन एकरं म्हणजे आमची वरची वाडी. मी तिथंच वाढले. आता घर नाही, माणूस नाही, नुसती कुलदीपची झाडं. आणि कागदावर ते सगळं जंगलखात्याचं. "आत्या," तो म्हणाला, "तुझा शब्द पुरावा हाय. कायद्यात लिवलंय."

"सत्तर वर्षं मी थापा मारतेय, सरकारला आता कळलं व्हय?"

"हसू नको गं. ऐक. आदिवासी असतो तर सोपं होतं. आपल्याला तीन पिढ्या दाखवाय लागतात. दोन हजार पाचच्या मागं पंचाहत्तर वर्षं. म्हंजे एकोणीसशे तीस साल. कागद आपल्याकडं कायच न्हाय. पण म्हाताऱ्या माणसाचा जबाब चालतो. तू एवढंच सांगायचंस, तुझा आजा वरच्या वाडीत जन्मला. एवढं एकच."

"आणि न्हाय सांगितलं तर?"

"तर पावसाच्या आधी चर खणतील न् साग लावतील. माझी एकशेदहा काजूची झाडं हायत, आत्या. सतरा वर्षांची." मग म्हणाला, "तुला काय जड हाय? तू तर शेळीला भोपळ्यातनं काढतेस."

त्याचं खरं होतं. मला काही जड नव्हतं. एसटीत बसल्यापासून मी तो आजा तयार करत होते. माझा खरा आजा खालच्या गावाबाहेर आमच्या वस्तीत जन्मला आणि तिथंच मेला, मी त्याला बघितलं पण नाही. पण पेण येईपर्यंत त्याला वरच्या वाडीत मिशा फुटल्या, वडखळला त्यानं पहिलं रान भाजून नाचणी पेरली, आणि मुरुडच्या स्टँडवर उतरले तोवर तो माझ्यासाठी इतका जिवंत झाला होता की त्याला खोकला पण होता. कुलदीपनं दोन संध्याकाळी माझी उजळणी घेतली. त्याची बायको भक्ती भाकरी थापता थापता परीक्षा घ्यायची, "आत्या, तुमच्या आज्याचं लगीन कुठं झालं?" मी म्हणायचे, "वर. सागाच्या पानांच्या मांडवात. वरातीला दोन मोर." "मोर नको," कुलदीप म्हणायचा. "मोर काढ."

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला आम्ही निघालो. मे महिन्यात नऊ वाजले की वरचा कातळ तव्यासारखा होतो, म्हणून साहेबानंच ही वेळ सांगितली होती. साहेब म्हणजे जंगलखात्यातला पोरगा, निकेश नाव, अठ्ठावीस-तीसचा, घाटावरचा, चष्म्यावर वाफ धरलेली. बॅटरी, फाईल आणि जागा मोजायचं एक यंत्र घेऊन पायवाटेच्या तोंडाशी उभा होता. मला बघून म्हणाला, "आजी, जमेल ना? नाहीतर खालीच जबाब घेतो." मी म्हटलं, "मी ह्या वाटेनं एका दमात वर जायची, आणि माझी सावली अर्ध्या तासानं यायची." तो हसला. खरं हसला. मी त्याच क्षणी सावध व्हायला पाहिजे होतं.

रान अजून काळं होतं. वारा नाही, समुद्र एवढा जवळ असून एक झुळूक नाही, पानं खाली पडून इतकी वाळलेली की तीन माणसांच्या पावलांचा आवाज तीस माणसांसारखा. ऐनाच्या झाडांची खोडं मगरीच्या पाठीसारखी, हात लावला तर अजून कालच्या उन्हाची ऊब. कुठंतरी कुडा फुललेला, वास यायचा आणि जायचा. माझे गुडघे प्रत्येक चढाला काहीतरी बोलत होते, मी त्यांना ऐकू येऊ नये म्हणून स्वतःच बोलत होते. माझा बाप कृष्णाजी, त्याचा आवाज असा, की वरून हाक मारली तर रेवसच्या बोटीचा तांडेल वर बघायचा. एका वर्षी ऊन असं पडलं, की खाडीतले मासे आतल्या आत शिजले, लोक नुसतं मीठ घेऊन जायचे. एक शेकरू होतं, ते माझी वेणी सोडायचं आणि रिबीन पळवायचं, वरच्या अंजनीच्या झाडावर सतरा रिबिनी. निकेश हसत होता, दम खात होता, "मग?" म्हणत होता. मग. हा शब्द मी किती वर्षांनी ऐकला! कुलदीप पुढं कोयत्यानं काटे सारत चालला होता, एकदा वळून त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात एवढंच होतं की आत्या, आजा.

मी आजा सांगितला. करवंदीच्या जाळीपाशी थांबलो होतो, निकेशनं फाईल उघडली, पेन काढलं आणि मी घडाघडा बोलले. आजा इथं जन्मला. त्याच्या बापानं पहिलं रान भाजलं. नाव विचारलं, नाव दिलं. कशानं मेला विचारलं, खोकल्यानं. मोर काढले. निकेशनं सगळं लिहून घेतलं, चांगलं वळणदार अक्षर होतं, आणि कुलदीपनं ओंजळभर करवंदं माझ्या हातात ठेवली. त्याच्या बोटांना चीक लागला होता. झालं होतं काम. मी तिथंच बसले असते, गुडघे दुखतात म्हणाले असते, तर झालं होतं.

पण जागा दाखवायची होती. आणि त्याच्या पुढचा चढ मला ओळखू येईना. मी पन्नास वर्षं सांगत आले की वाडीच्या खाली पायऱ्यांची विहीर होती, एकवीस पायऱ्या, तळाला चांदण्या. आम्ही तिथं पोचलो तर एका दरडीखाली हातभर डबरं, त्यात पाचोळा आणि कोरडी माती. विहीर कधी नव्हती का? की होती आणि बुजली? मी उभी राहून आठवायला लागले तर मला पायऱ्याच आठवत होत्या, अगदी सातवी पायरी फुटकी होती ते पण, पण पायांना काही आठवत नव्हतं. पाय म्हणत होते, इथं वाकायचं, वाटीनं पाणी भरायचं, एक हंडा भरायला सूर्य डोक्यावर यायचा. पुढं एक आंबा, तो मी मनात इतका मोठा केला होता की समोरचा आंबा मला परका वाटला. मला भीती वाटली. बिबट्याची नाही. बिबट्या तर मीच सोडलेला. भीती ही, की मी खरं कुठं ठेवलंय तेच मला माहीत नाही. एवढ्या वर्षांत इतकं काही वर रचलं की खाली हात जात नाही. आणि उद्या मी मेले की रुचिताकडं काय राहील? एक भोपळा. तो पण अर्धा.

मग झाडं विरळ झाली, एकदम उजेड आला, आणि खाली समुद्र दिसला, राखेसारखा. समोर कुलदीपचे काजू, ओळीत, बुंध्याभोवती दगडांचे कट्टे केलेले, पोरांना अंगणात बसवावं तसे. आणि त्यांच्या मध्ये आमच्या घराचं जोतं. चार ओळी दगड. कातळात खणलेलं उखळ, त्यात वाळलेली पानं. मी त्याच्याजवळ बसले. हात आत घातला. हात बरोब्बर बसला, आत कडेला एक खरबरीत जागा होती, तिथं बापाची छिन्नी सटकली होती, आणि माझ्या बोटांना ती जागा माहीत होती. मी काही म्हणायच्या आधी बोटं तिथं जाऊन थांबली होती.

निकेशनं यंत्रावर जागा मोजली, चारी कोपरे हिंडून आला, पाण्याची बाटली मला दिली आणि माझ्यासमोर कातळावर मांडी घालून बसला. चौकशी म्हणून नव्हे, असंच, माणूस माणसाला विचारतो तसं त्यानं विचारलं, "आजी, पण खाली एवढं गाव सोडून इतक्या वर कोण येतं हो राहायला?"

आणि त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं.

मला बाकी काही सांगता येणार नाही. एवढंच झालं. मी बोलत असताना हातातली वस्तू खाली ठेवणारं माणूस मी किती वर्षांत बघितलं नव्हतं. माझी बोटं उखळात होती. मी समुद्राकडं बघत होते. आणि मी बोलायला लागले.

"माझा बाप दीक्षा घेऊन आला," मी म्हटलं. "पांढरा सदरा घालून आला, कुणाचा तरी मागून नेलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातला एक बैल मेला. ओढून न्यायचं काम आमचं. आज्यापासनं, खापरपणज्यापासनं. माणूस बोलवायला आला, लांब उभा राह्यला, हाक मारली. बाप उंबऱ्यावर बसला होता. तो म्हणाला, न्हाय. एवढंच. मोठ्यानं पण न्हाय. मी त्याच्या पाठीला टेकून बसले होते, त्याची पाठ थरथरत होती, म्हशीच्या अंगावर माशी बसल्यावर कातडं हलतं तशी. तो माणूस गेला. बैल तिथंच पडला. एक दिवस. दोन. तिसऱ्या दिवशी वास आमच्या भाकरीत आला. गावानं पाणी बंद केलं, दुकान बंद केलं. माझी आय, नीराबाई, खाऱ्या पाण्यात भात शिजवायची. आठव्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. ह्याच वाटेनं. बापाच्या डोक्यावर जात्याची वरची तळी, आयच्या डोक्यावर खालची. माझ्या हातात कोंबडी आणि काखेत नामा, तीन वर्षांचा, रडत होता. मी त्याला म्हटलं, रडू नको, वर एक वाघ हाय, तो गूळ वाटतो. ती माझी पहिली थाप. आणि इथं येऊन बापानं तळी खाली ठेवली, नाक वर केलं, वास घेतला, आणि हसला. मी त्याला तोवर कधी हसताना बघितलं नव्हतं. म्हणाला, नीरे, हितं वास येत न्हाय."

हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. का नाही, काय सांगू? सांगितलं की तो वास यायचा. म्हणून मी वाघाला पुढं केलं, बिबट्याला, शेळीला. आणि आता बोलताना मला वाटत होतं की छातीवरनं जात्याची तळी उतरतेय, आणि समोर तो पोरगा, चष्मा काढून हातात धरलेला, डोळे ओले.

"किती साल असेल, आजी?" त्यानं हळूच विचारलं.

"सत्तावन्न," मी म्हटलं. "मी सात वर्षांची होते."

मान वर करून म्हटलं. अभिमानानं म्हटलं. लहानपणापासून आमच्याकडच्या दीक्षेच्या ह्या सालाचं नाव घरात असंच घ्यायचं शिकलो आम्ही, मान वर करून. शब्द तोंडातून गेला आणि मग मी त्याला जाताना बघितलं. तीसच्या आधीचं पाहिजे होतं, मी सत्तावन्न दिलं. कुलदीप काजूच्या एका बुंध्याजवळ उकिडवा बसला होता, कट्ट्याचा एक दगड नीट बसवत होता. त्याचा हात दगडावर तसाच राहिला. कुठंतरी तांबट पक्षी टुक् टुक् करत होता, थांबतच नव्हता.

निकेशनं चष्मा घातला. फाईलीकडं बघितलं, मगाशी लिहिलेल्या पानाकडं.

"सायेब," कुलदीप म्हणाला, आवाज एकदम हलका, "आत्या काय बी बोलते. खाली सगळ्यांना ठाव हाय. इचारा कुणाला पण."

"व्हय, व्हय," मी म्हटलं. "थाप हाय ती. मी थापाडी हाय, सायेब. शेकरूनं रिबिनी नेल्या तसलीच. कसला बैल न् काय. आजा इथंच जन्मला. त्याला खोकला होता." माझा आवाज मलाच खोटा वाटत होता, पहिल्यांदा. आयुष्यभर एवढ्या सहज येणारी गोष्ट, आणि तोंडात वाळू. "मोर पण होते," मी म्हटलं. का म्हटलं?

निकेशनं पेन उचललं. मग म्हणाला, "आजी, तुम्ही गंमत सांगता ना, तेव्हा माझ्याकडं बघता. मी हसतोय का ते बघता. हे सांगताना तुम्ही एकदा पण बघितलं नाही."

"लिहू नका मग," कुलदीप म्हणाला. "ऐकलंच न्हाय समजा."

"दादा, खाली माझी सही असते. उद्या दुसऱ्यानं येऊन ह्यांनाच विचारलं तर? आणि मी आता ते दुसरं कसं लिहू? मला माहीत झालं ना." त्यानं मगाशी लिहिलेल्या ओळींवर एक रेघ मारली, सरळ, पट्टी लावल्यासारखी. आणि नव्यानं लिहायला लागला. मी जसं बोलले होते तसंच, शब्दाला शब्द. पाठ थरथरत होती तेही लिहिलं त्यानं. वास भाकरीत आला तेही. मग मला वाचून दाखवलं आणि मी ऐकत बसले, आणि कसलं पाप म्हणावं ह्याला, मला ते आवडलं. कुलदीपची एकशेदहा झाडं माझ्या समोर उभी होती आणि मला वाटलं, चांगलं सांगितलंय. कुठंही जास्त नाही, कुठंही कमी नाही. मी सही केली. चौथीपर्यंत शिकलेय, अंगठा लावत नाही.

उतरताना ऊन वर आलं होतं. निकेश पुढं निघून गेला, त्याला दुसऱ्या जागेला जायचं होतं, जाताना माझ्या पाया पडला. कुलदीपनं माझा दंड धरला होता. "इथं घसरतं," म्हणायचा. "हा दगड हालतो." बाकी काही नाही. मी वाट बघत होते तो शिव्या देईल. त्याचा हात फार सांभाळून धरलेला होता, आणि ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. अर्ध्या वाटेवर म्हणाला, "आबानं कधी सांगितलं न्हाय मला हे."

"तो तीन वर्षांचा होता. त्याला वाघच आठवत असंल."

"व्हय. वाघ सांगायचा." मग बरंच खाली आल्यावर, "तू जाणून केलंस का, आत्या?"

मी काय सांगणार होते? जाणून केलं नाही म्हटलं तर खोटं, केलं म्हटलं तरी खोटं. "न्हाय माहीत," म्हटलं. त्यानं माझा दंड सोडला नाही. रानातला सगळा आवाज बंद झाला होता, पक्षी सावलीला गेले होते, नुसता पानांचा चुरा आमच्या पायाखाली. घामानं लुगडं पाठीला चिकटलं होतं. मला वाटलं ही वाट संपू नये.

घराच्या मागं भक्ती उभी होती. तिथं सावलीला काजूच्या कलमांच्या काळ्या पिशव्या लावलेल्या, चाळीसेक, पानं लोंबलेली. चार दिवस तिनं त्यांना पाणी घातलं नव्हतं. टँकर तिसऱ्या दिवशी येतो, दोन हंडे मिळतात, आणि जमीनच राहणार नसेल तर कलमांना पाणी घालून काय करायचं, असा तिचा हिशेब. आम्हाला बघून ती पुढं आली. हात पदराला पुसत, कुलदीपकडं नाही, माझ्याकडं बघत.

"झालं का, आत्या? काय म्हणाला सायेब?"

तिचा चेहरा असा उघडा होता. तोंड जरासं वासलेलं, भुवया वर. ऐकायला एवढं तयार माणूस! कुलदीप खाली बसून चपलेतला काटा काढत होता. तो सांगेल असं मला वाटलं. तो काटाच काढत राहिला.

"अगं, काय म्हणतो?" मी म्हटलं. "माझ्या आज्याचं ऐकून रडला तो. चष्मा काढून रडला. पाया पडला माझ्या. म्हणाला, आजी, असा जबाब मी नोकरीत ऐकला न्हाय."

"खरं?"

"इचार कुलदीपला. पाया पडला का न्हाय रे?"

कुलदीप म्हणाला, "पडला."

भक्तीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग काही न बोलता आत गेली, प्यायच्या पाण्याचा हंडा कमरेवर घेऊन बाहेर आली, आणि एकेका पिशवीत तांब्या तांब्या ओतायला लागली. वाळलेली माती पाणी पिताना चर्र चर्र वाजत होती. पहिला हंडा संपला. ती दुसरा आणायला आत वळली. कुलदीपनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं, आणि मी तोंड उघडलं, आणि तिला थांबवायला माझ्याकडं एक शब्द नव्हता.